आधी नेक, मग ॲक्शन

भावा, इलेक्ट्रिक गिटारच्या तारा उंच वाटल्या म्हणून थेट सॅडलला, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या ब्रिजवरच्या तुकड्याला, हात घालू नको. तू वाजवतोस त्याच ताराच ठेव, ट्यूनरवर सूर लाव आणि आधी नेकचा, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याचा, बाक बघ. पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लाव, नेक जिथं बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर जाडी तार दाब आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमधली फट मोज. ०.२५ मिमीच्या आसपास हवी. फट मोजायला गाडीच्या टॅपेटला लागतो तोच फीलर गेज (पातळ पात्यांचं माप) चालतो. उद्यमनगरात हत्यारांच्या दुकानात मिळेल.

फट जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली बाक कमी-जास्त करणारी सळई, ॲलन कीनं (षटकोनी चावीनं) घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा, त्याहून जास्त एका वेळी नाही. कमी असेल तर उलटा. प्रत्येक वेळी पुन्हा सूर लावून मोज. ॲलन की सैल बसत असेल तर थांब, रॉडच्या नटाचे कोपरे झिजले की काम महागात जातं. इंची आणि मिमी चावी दिसायला सारखीच, इथंच बहुतेक जण फसतात.

आता ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारेची उंची. बाराव्या फ्रेटवर जाड्या तारेखाली २ मिमी, बारीक तारेखाली १.५. सॅडल १ मिमी उतरवलं तर बाराव्यावर अर्धाच मिमी फरक पडतो.

पहिल्या चार-पाच फ्रेटवर खरखर आली तर नेक फार सरळ झाली. वरच्या फ्रेटवर आली तर ॲक्शन खाली गेली. एकाच जागी येत असेल तर फ्रेट उचललेली असते, ती रॉडनं सुटत नाही. शेवटी इंटोनेशन, म्हणजे नेकवर वर-खाली कुठंही दाबलं तरी सूर बरोबर लागतो का ते बघ.

आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड दमट होऊन नेकचा बाक बदलतो, म्हणून जूनमध्ये आणि दिवाळीनंतर पुन्हा मोज.