बहिणीच्या पदवीसाठी लाकडात नाव कोरलेली पाटी घरी करता येईल का? लाकूड कोणतं घ्यावं? पटाशी कधी धरलेली नाही.

येईल की. फक्त मजकूर आखडता घ्या. नाव, पदवी, वर्ष, बस. शुभेच्छा कार्डावर लिहा.

लाकडासाठी वखारीत जायची गरज नाही. ओळखीच्या सुताराकडे चौकटींचे सागवानी तुकडे पडलेले असतात. फूटभर लांब, इंचभर जाड, बिनगाठीचा आणि चांगला वाळलेला एक मागून घ्या, रंधाही त्यालाच मारायला सांगा. सागवान दिसतं देखणं, पण पटाशीची धार लवकर मारतं. शिवणीच्या झाडाचं लाकूड मिळालं तर सोन्याहून पिवळं. मऊ आणि फिकट असतं. प्लायवूड नकोच, थर उपटून येतात.

अक्षरं उठावाची नकोत, खोदीव करा. उठावात अनुस्वार आणि रफार टिचकीसरशी उडतात. नाव हव्या त्या मापात सारख्या जाडीच्या फाँटमध्ये छापा आणि कार्बन पेपरने उतरवा. त्याआधी बहीण स्वतः नाव कसं लिहिते ते बघून घ्या, वेलांटी पहिली की दुसरी हे कोरल्यावर बदलत नाही.

खरी परीक्षा शिरोरेषेची. पाटी आडवी, लाकडाच्या रेघा आडव्या आणि शिरोरेषाही त्याच दिशेने. पटाशी रेघ पकडून सुसाट सुटते आणि नाव संपलं तरी पुढे चिरफळी निघत जाते. म्हणून आधी शिरोरेषेच्या दोन्ही टोकांना पटाशी उभी धरून मोगरीने, म्हणजे लाकडी हातोड्याने, हलकेच ठोका, म्हणजे चिरफळी तिथेच तुटेल. मग काने आणि मात्रा कोरा, शिरोरेषा सगळ्यात शेवटी. खोली दोन-तीन मिलिमीटर पुरे. लाकूड उपटायला लागलं तर उलट बाजूने कापा, जोर वाढवू नका. तुकडा शिकंज्यात घट्ट हवा आणि पटाशीच्या वाटेत हात येता कामा नये.

अक्षरांत रंग भरायचा असेल तर आधी लाखेच्या पॉलिशचा हात सगळीकडे फिरवा, नाहीतर रंग रेघांत पसरतो. रंग बाहेर सांडला तरी चालेल. पूर्ण वाळल्यावर सपाट ठोकळ्याला २२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून वरून घासा. वरचा निघून जातो, खाचेतला राहतो. मग पुन्हा पॉलिश.

समारंभ तोंडावर असेल तर सरळ सीएनसीवाल्याकडून, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, कोरून घ्या आणि रंग-पॉलिश तुम्ही करा. त्यात कमीपणा काही नाही.