वडिलांचं तोंडाच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन ठरलंय, आता फुफ्फुसातही काहीतरी दिसतंय. त्यांना सांगावं का? तोवरचे दिवस कसे काढावेत?

सांगा. आजच सांगा. मी हे पेशंट म्हणून लिहितोय.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. २५ वर्षं खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाल्ला आणि डाव्या गालात कॅन्सर निघाला. ऑपरेशन नागपूरला ठरलं. गाल आणि खालचा जबडा काढायचा, छातीचं मांस वर आणून तिथे लावायचं. १९ दिवसांनंतरची तारीख मिळाली. मग पेट स्कॅन झाला, म्हणजे अंगातल्या कॅन्सरच्या जागा चमकून दिसतात ती तपासणी, आणि तारीख पुढे ढकलली. मोठे भाऊ म्हणाले, "योजनेची मंजुरी यायची आहे."

माझं तोंड तेव्हा जेमतेम दीड बोट उघडायचं, बोललं की कळ यायची. त्यामुळे डॉक्टरांसमोर उत्तरं भाऊच द्यायचे, फाईलही त्यांच्याच पिशवीत. घरी वेचणी सुरू होती. मी दिवसभर ओसरीत कापसाच्या ढिगाशेजारी बसून राहायचो. मी आलो की बोलणी थांबायची. बायको पोळी दुधात कुस्करून द्यायची, पण माझ्याकडे पाहायची नाही. अशा घरात माणसाला कळत नाही असं कोणाला वाटतं?

अकराव्या दिवशी तुरीच्या पोत्यामागे फाईल सापडली. रिपोर्ट इंग्रजीत होता. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागातल्या डागाबद्दलच्या ओळीखाली निळ्या पेनाने रेघ मारलेली, शेजारी प्रश्नचिन्ह. 'सेकंड प्रायमरी' म्हणजे काय ते मी मोबाईलवर शोधलं: दुसरा, वेगळाच कॅन्सर. ती रात्र मी कोणाला सांगू शकत नाही.

सकाळी भाऊंना म्हटलं, "मले काय झालं ते मलेच नाही सांगत?" ते रडले. पुढच्या खेपेला फाईल माझ्या मांडीवर होती. डॉक्टरांनी समजावलं की तंबाखूचा रस आणि धूर तोंड, घसा, अन्ननलिका, फुफ्फुस या साऱ्या वाटेला लागतो, म्हणून एकाच माणसाला दोन वेगळे कॅन्सर होऊ शकतात. डाग पहिल्याच कॅन्सरचा पसारा असेल तर उपचाराची सारी दिशा बदलते. वेगळा असेल तर दोन्हींचे उपचार वेगळे बसवावे लागतात. म्हणून तारीख थांबवली होती. मग त्यांनी विचारलं, "आधी टीबी झाला होता का?"

झाला होता. १९९६ साली मी टीबीचा पूर्ण कोर्स घेतला होता. भाऊ तेव्हा भिलाईला नोकरीला होते, त्यांना माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी हाच प्रश्न आला तेव्हा माझ्या वतीने त्यांनीच "नाही" म्हणून टाकलं होतं. पेट स्कॅनमध्ये टीबीची जागाही कॅन्सरसारखीच चमकू शकते. हे सांगायला मीच हवा होतो, आणि मलाच बाजूला बसवलं होतं.

डॉक्टरांनी नुसत्या माझ्या शब्दावर भरवसा ठेवला नाही. सीटी स्कॅनखाली सुई घालून तुकडा काढला. गावात सगळे सांगत होते, सुई लावली की पसरतो. ऐकू नका. तुकड्यात कॅन्सर निघाला नाही, ऑपरेशन झालं, त्याला आता चार वर्षं झाली.

दिवस कसे काढायचे याचं माझ्याकडे फारसं उत्तर नाही. खर्रा त्याच दिवशी बंद करा. डॉक्टरांना विचारून तोंड उघडायचे व्यायाम आणि दातांचं काम आत्ताच उरका. अंडी, दूध, वरण पातळ करून पोटात जाऊ द्या, वजन उतरू देऊ नका. मला सगळ्यात जास्त आधार फाईल सांभाळण्याचा झाला. तारखा, औषधं, विचारायचे प्रश्न, सगळं मी वहीत लिहायचो.

एक मात्र खरं, प्रत्येकाचा डाग टीबीचा निघत नाही. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या अन्ननलिकेत खरोखर दुसरा कॅन्सर होता. आणि एखाद्याला खरंच जाणून घ्यायचं नसतं. म्हणून आधी वडिलांना विचारा, किती सांगू? पण ते विचारायच्या आतच त्यांच्या वतीने ठरवू नका.

भाऊ अजून म्हणतात, "तेव्हा सांगितलं असतं तर तू खचला असता." दर दिवाळीला हा विषय निघतो, आणि दर वेळी मी त्यांना ती तुरीची पोती दाखवतो. तुम्ही आज घरी गेलात की वडिलांजवळ बसा आणि आधी टीबीचं विचारा.