थिंकपॅड टी४२० लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली आहे. घरच्या घरी बदलता येईल का?

येईल. या मॉडेलमध्ये डिस्क बाहेर काढायला एकच स्क्रू सोडवावा लागतो. पण तुम्ही लिहिलंय की चालू करताना '२१००' एरर येतो, मधूनच टकटक ऐकू येतं आणि घरातले फोटो दुसरीकडे कुठेच नाहीत. तेव्हा आधी फोटोंचं बघू, मग डिस्कचं.

टकटक होते ती वाचणाऱ्या हेडची. त्याला जागा सापडत नाही, म्हणून ते पुन्हा पुन्हा मागे जातं. अशा डिस्कला दिलेला प्रत्येक मिनिट वीजपुरवठा तबकडीवर ओरखडे पाडू शकतो. त्यामुळे 'एकदा अजून चालू करून बघू' हे आजपासून बंद. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं साधन) चालवू नका. ते खराब जागा पुन्हा पुन्हा वाचायला लावतं, शिवाय फाइल सिस्टिममध्ये फेरफार करतं. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, आत दव धरतं. डिस्कचं झाकण घरी उघडणं म्हणजे तर फोटोंवर पाणीच सोडणं.

आवाज सतत येत असेल तर डिस्क तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. आवाज क्वचितच येत असेल आणि डिस्क अधूनमधून दिसत असेल, तर एक प्रयत्न करण्यासारखा आहे: डिस्क काढून यूएसबी-साटा अडॅप्टरने (साटा म्हणजे डिस्कची जोडणी) दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा, लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून तो सुरू करा आणि डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरचा डेटा उतरवणारा प्रोग्राम) वापरून सगळ्या डिस्कची हुबेहूब प्रत (इमेज) दुसऱ्या, त्याहून मोठ्या डिस्कवर घ्या. कुठवर वाचून झालं याची नोंद ठेवणारी मॅप फाइल द्यायला विसरू नका. ती असली की मध्येच थांबलं तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. पहिल्या फेरीत खराब भाग सोडून द्यायचा पर्याय निवडा, म्हणजे चांगला डेटा आधी हाती लागतो. अडॅप्टर त्या कॉम्प्युटरच्या यूएसबी ३ च्या पोर्टला लावा. टी४२० ला फक्त यूएसबी २ आहे, त्यातून ०.५ अँपिअर मिळतो आणि डिस्क फिरायला सुरुवात करताना त्याहून जास्त ओढते. वीज कमी पडल्यावरही टकटक होते, आणि माणूस चांगल्या डिस्कला खराब समजतो.

२१०० चा अर्थ इतकाच की मशीनला डिस्क सापडली नाही किंवा सुरू करता आली नाही. आवाज नसता तर मी आधी डिस्क काढून पुन्हा घट्ट बसवायला सांगितलं असतं. डिस्क दिसत असेल तर स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीचे) आकडे पाहा: ०५, सी५ आणि सी६ (खराब जागांची मोजणी) वाढत असतील तर डिस्क चालली, फक्त सी७ (जोडणीतल्या चुका) वाढत असेल तर संशय जोडणीवर घ्यावा.

नवीन घेताना फिरणारी हार्ड डिस्क घेऊ नका. २.५ इंची साटा एसएसडी (न फिरणारी, चिपवरची डिस्क) घ्या, २५० जीबी ते ५०० जीबी पुरे. दुकानात नुसतं 'एसएसडी' म्हटलं तर एम.२ (पट्टीसारखी छोटी एसएसडी) हातात ठेवतील, ती इथे बसत नाही. २.५ इंची एसएसडीची जाडी सहसा ७ मिमी असते आणि टी४२० मध्ये ती चालते. मात्र तुमच्या जुन्या डिस्कचे रबरी रेल (बाजूच्या पट्ट्या) ९.५ मिमीचे असतील तर एसएसडी सैल बसेल. एसएसडीसोबत २.५ मिमीची चौकट आली असेल तर ती लावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन फारच स्वस्तात १ टीबी मिळत असेल तर सावध राहा. खोटी क्षमता दाखवणारे माल असतात. एच२टेस्टडब्ल्यू हा क्षमता तपासणारा प्रोग्राम चालवला की कळतं.

बदलताना आधी चार्जर आणि मग बॅटरी काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. लॅपटॉप पालथा करून डिस्कच्या झाकणाचा स्क्रू सैल करा, झाकण सरकवून काढा आणि पट्टी धरून डिस्क बाहेर ओढा. ती कशी बसली होती याचा फोटो घ्या. रेल आणि धातूची चौकट असेल तर ती काढून त्याच चार स्क्रूंनी नव्या एसएसडीला लावा. जुनेच स्क्रू वापरा, लांब स्क्रू आतल्या बोर्डवर रुतू शकतो. सरळ आत सरकवा. अडली तर जोर लावू नका, वाकडी गेलेली असते.

मग लॅपटॉप सुरू होताना एफ१ दाबून बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जा. कॉन्फिगमध्ये सीरियल एटीए (म्हणजे साटा) 'एएचसीआय' वर ठेवा, आणि हे विंडोज टाकण्याआधीच. नंतर बदललंत तर निळा पडदा येतो. पेनड्राइव्हवरून सुरू करायला एफ१२. इन्स्टॉलर 'या डिस्कवर टाकता येत नाही' म्हणाला तर शिफ्ट+एफ१० दाबून डिस्कपार्ट या विंडोजच्या प्रोग्राममध्ये एसएसडी निवडून 'क्लीन' करा, म्हणजे ती पूर्ण पुसली जाईल. त्या वेळी दुसरी कोणतीही डिस्क जोडलेली ठेवू नका.

विंडोज १० चं मोफत समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं आणि विंडोज ११ साठी हा प्रोसेसर अधिकृत यादीत नाही. बँकेचं काम आणि ईमेल याच लॅपटॉपवर करणार असाल तर मी लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) टाकेन. जुनी डिस्क मात्र सगळे फोटो उघडून बघेपर्यंत फेकू नका, कारण फाइलचं नाव दिसलं म्हणजे फोटो वाचला असं नसतं.