नेदरलँड्सला पोषणशास्त्रात पीएचडीला जाऊ का, असं विचारलंस म्हणून

तुझा प्रश्न चार ओळींचा. वय 33, आहारशास्त्रात एमएस्सी, पुण्यात सहा वर्षं नोकरी, आता वाखेनिंगेनला पीएचडीची जागा मिळालीय, नवरा यायला तयार आहे, मुलगी नऊ वर्षांची. जावं का, मुलीच्या शाळेचं काय, तूरडाळ मिळते का, एकटं वाटतं का? रात्री वाचला आणि माझी झोप गेली. मी 2012 साली ह्याच वाटेने इथे आले, मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. वयाने लहान आहेस म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

व्हिसा, विमा, घरभाडं हे विद्यापीठ कळवेलच. इथे पीएचडी म्हणजे बहुतेक वेळा चार वर्षांची पगारी नोकरी असते, तेवढं सुख आहे. कागदांतलं एकच सांगते, कारण ते कुठल्या यादीत नसतं. मुलीचा जन्मदाखला आज काढून बघ. त्यावर तिचं आडनाव आहे का? माझ्या मुलाच्या दाखल्यावर नुसतं नाव होतं, खाली आईवडिलांची पूर्ण नावं. आपल्याकडे ह्यात कोणाला काही खटकत नाही. इथल्या खिडकीमागच्या बाईंना खटकलं. ‘ह्याचं आडनाव काय?’ म्हटलं, वडिलांचं तेच. ‘असं कुठे लिहिलंय?’ खरंच कुठे लिहिलं नव्हतं. मग सासऱ्यांच्या नगरपालिकेत सहा फेऱ्या, ‘साहेब मीटिंगला गेलेत’, मग मुंबई, मग अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का, मग कुरियर. चार महिने. तोवर जिथे जाऊ तिथे माझा मुलगा बिनआडनावाचा. सासरे आजही तो किस्सा हसत सांगतात, मला अजून हसू येत नाही.

कामाबद्दल. काम फार सुंदर आहे. गावाला रेल्वे स्टेशन नाही, एडेला उतरून बस पकडायची, आणि अशा ह्या आडगावात माणसाच्या खाण्यावर इतक्या बारकाईने काम चालतं की पहिले सहा महिने मी नुसती बघत होते. माझ्या पहिल्या आहारचाचणीत लोक दुपारी विद्यापीठात येऊन आमच्यासमोर जेवायचे. प्रत्येक पदार्थ ग्रॅममध्ये तोललेला. उरलेला पाव, लोणी डब्यात भरून घरी द्यायचं, तेही तोलून. ताटात काही टाकायचं नाही. सॉससुद्धा रबरी उलथन्याने निपटून खायचा. माझ्या आजीला हे शास्त्र कोणी शिकवलं होतं कोण जाणे. इथल्याच मेन्सिंक आणि काटान ह्या दोघांनी 59 धडधाकट माणसांना तीन-तीन आठवडे असं मोजून जेवू घातलं आणि 1990 साली दाखवून दिलं, की ट्रान्स फॅटने, म्हणजे वनस्पती तुपासारख्या घट्ट केलेल्या तेलातल्या चरबीने, वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं घटतं. आपल्याकडे तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा दोन टक्क्यांवर यायला 2022 उजाडलं. मधल्या बत्तीस वर्षांत आमच्या घरच्या दिवाळीत वनस्पती तुपाचे किती डबे रिकामे झाले असतील, हा हिशोब मी करत नाही.

पण पुढे मला द हेगमधल्या सुरिनामी हिंदुस्थानी बायकांच्या मुलाखती घ्यायचं काम मिळालं. ह्यांचे पूर्वज 1873 पासून कलकत्त्याहून जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम ह्या तेव्हाच्या डच वसाहतीत मजुरीला गेले, नातवंडं-पतवंडं इथे आली. मधुमेह घरोघरी. माझ्यासमोर डच प्रश्नावली: पावाचे काप किती, त्यावर काय लावलंत, बटाटे किती. त्या बाई म्हणाल्या, ‘दाल-भात-रोटी.’ कुठल्या रकान्यात घालू? रोटी ‘इतर पाव’मध्ये गेली, डाळ ‘सूप’मध्ये. वरणाचं सूप झालं, आणि ते माझ्या हाताने झालं. आता अशा लोकांसाठी वेगळ्या प्रश्नावल्या केल्यात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही 2017 मध्ये 528 भारतीय खाद्यपदार्थांची नवी कोष्टकं काढली, तेव्हा माझा प्रबंध छापायला गेला होता.

आता शाळा. हे लिहायलाच मी बसलेय बहुधा.

इथे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या, आठव्या गटात, म्हणजे मूल अकरा-बारा वर्षांचं असताना, पुढे कुठे जायचं ह्याचा शाळा सल्ला देते. व्हीएमबीओ म्हणजे हाताच्या कामाकडे, व्यवसायाकडे, हाव्हो मधलं, व्हीडब्ल्यूओ म्हणजे सरळ विद्यापीठ. म्हणायला सल्ला, पण पुढची शाळा त्यावरच ठरते. माझा मुलगा एक वर्ष नव्याने आलेल्या मुलांच्या भाषावर्गात होता, मग नेहमीच्या वर्गात. गणितात पहिला. पालकभेटीला इथे दहा मिनिटं असतात, आणि खरंच दहाच असतात. बाई गोड होत्या. म्हणाल्या, शब्दसंग्रह कमी पडतो, पण हातात कला आहे, सायकल किती छान दुरुस्त करतो! व्हीएमबीओ. पुढे परीक्षेत त्याला वरच्या पातळीचे गुण पडले. तेव्हा नियम असा, की शाळेने फेरविचार करायचा, बदल करायलाच हवा असं नाही. फेरविचार केला. बदल नाही केला. 2024 पासून गुण वरचे आले तर सल्ला वर न्यावा लागतो, अपवाद सोडून. म्हणजे तुझी मुलगी सुटली. मी तो नियम वाचला तेव्हा बसमध्ये होते आणि माझा थांबा मागे गेला.

त्याच शाळेतून एकदा डब्याबद्दल चिठ्ठी आली होती, ‘कृपया पाव द्या’. शेजारच्या मुलाच्या पावावर लोणी आणि वर चॉकलेटचे दाणे, ते चालतं. माझं थालीपीठ चालत नाही. मी तेव्हा तृणधान्यांवर प्रबंध लिहीत होते.

मी भांडायला हवं होतं. भांडले नाही, कारण प्रबंधाचं तिसरं प्रकरण अडलं होतं आणि मला वाटलं, इथले लोक मोजतात म्हणजे बरोबरच मोजत असतील. मुलगा पायरी-पायरीने वर चढला, व्हीएमबीओतून हाव्हो, मग पुढचं शिक्षण. आता बावीस वर्षांचा आहे, मजेत आहे. विषय काढला की म्हणतो, ‘आई, तुझं चालू दे.’ तू मात्र मुलीला मराठी पुस्तकं वाचून दाखवणं सोडू नकोस आणि सातव्या गटापासूनच बाईंना विचारायला लाग. खडूस आई म्हणतील, म्हणू देत.

जावं का? खरं सांगायचं तर तुझा विषय व्हिटॅमिन बी-12 आणि गरोदर बाया हा आहे, आणि त्यावरचं मोठं काम तुझ्या दाराशी झालंय. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिकांनी आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या मंडळींनी बायांची, बाळांची मोजमापं घेतली. बाळं सरासरी 2.7 किलोची, किडकिडीत, पण अंगावर चरबी इंग्रज बाळांच्या मानाने धरून ठेवलेली. 2004 साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे युडकिन ह्यांचा शेजारी-शेजारी फोटो आला. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, दोघांचा 22.3, शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. हे समजायला परदेशी जावं लागलं नाही. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी 1939 मध्ये केंब्रिजची पीएचडी घेऊन परतल्या आणि पुढे मुंबईत नीरेवर काम केलं. मीही परतणार होते. चार वर्षांची सुट्टी टाकून आले होते, तेरावं वर्ष कधीच उलटलं. तू येऊ नकोस असं मी म्हणत नाहीये. तोलायला शिकायचं तर इथे शीक. परतीची तारीख मात्र नवऱ्याला आत्ताच सांगून ठेव, आणि ती कागदावर लिही.

एकटेपणा. असतो. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, व्हिटॅमिन डी घे, सायकल शीक, गणपतीत मराठी मंडळात जा. होतं सगळं.

बाबा 2014 मध्ये गेले. त्यानंतर मी आईला रोज फोन करायचे. ‘जेवलीस?’ ‘हो, वरण-भात, भाजी.’ आता तू ह्यातलीच, तुला सांगायला नको, चोवीस तासांचं खाणं विचारताना आपण किती खेपा घेतो. आधी नुसती यादी, मग विसरलेलं विचारायचं, चहा, बिस्किटं, अधेमधे तोंडात टाकलेलं, मग वाटी केवढी, मग पुन्हा पहिल्यापासून. परक्या बायकांना मी हे शेकडो वेळा विचारलं. आईला एकच खेप, आणि जे सांगितलं ते लिहून घेतल्यासारखं खरं मानलं. पुढच्या वेळी गेले तेव्हा आईचे पाय मुंग्या येऊन बधिर व्हायला लागले होते. बी-12 तळाला. तूरडाळीचा डबा उघडला, तर मागच्या खेपेला मी भरून ठेवला होता तसाच, वर मीच ठेवलेल्या कडुनिंबाच्या डहाळीसकट. ओट्यावर ग्लुकोजच्या बिस्किटांचे पुडे. चहात बुडवून तेच, दोन्ही वेळा. ‘एकटीसाठी कुकर कोण लावतं,’ म्हणाली.

इंजेक्शनं दिली, भाऊ तिला नाशिकला घेऊन गेला, पाय बरेच सुधारले. आता मी फोनवर खेपा घेते. ती वैतागते. मग खरं सांगते, म्हणजे मला तरी तसं वाटतं.

तूरडाळ मिळते, सुरिनामी दुकानांत. मेतकूट मिळत नाही. कुकर आणशील तो इंडक्शनवर चालणारा आण; मी ॲल्युमिनियमचा पाच लिटरचा हातातल्या सामानात कवटाळून आणला आणि इथली शेगडी त्याला ओळखच देईना. अजून आहे तो, त्यात कांदे ठेवते.