गावच्या घरासाठी २ केव्हीएचा जनरेटर पुरेल का, आणि तो सॉकेटला जोडता येईल का?

आपण विचारले आहे की, गावी आईवडील दोघेच असतात, पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस जाते, तर २ केव्हीएचा पेट्रोलवरचा जनरेटर घेऊन दोन्ही टोकांना टॉप, म्हणजे प्लग, लावलेल्या वायरने घरातल्या एखाद्या सॉकेटला जोडला, तर अख्खे घर चालेल का आणि कंपनी कोणती बघावी. कंपनीचे नंतर पाहू, आधी त्या वायरीचे बोलू. दोन्ही टोकांना टॉप असलेली वायर घरात असताच कामा नये. कोणी बनवून दिलेली असेल तर आजच मधोमध कापून टाकावी. हे इतके ठासून लिहिण्याचे कारण असे की, याच वायरीवरून आमच्या भावकीत एक वाद गेली काही वर्षे धुमसतो आहे आणि त्यात मला अजूनही कंजूष ठरवले जाते.

आमचे गाव दापोली तालुक्यात, केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यात आहे. घर एकच, परंतु वडिलांच्या काळात वाटणी झाल्यामुळे मधोमध भिंत आहे, पलीकडच्या अर्ध्या भागात चुलत्यांचे कुटुंब असते आणि विजेचे मीटर दोन आहेत. विहीर मात्र सामाईक आहे. सुपारीच्या रोपांना उन्हाळ्यात पाणी कमी पडू नये म्हणून मी ३ केव्हीएचा जनरेटर घेतला होता आणि त्याच वेळी मीटरनंतर डबल पोल चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एका वेळी एकतर खांबावरच्या विजेला नाहीतर जनरेटरला जोडणारा दांड्याचा स्विच, बसवून घेतला होता. डोंबिवलीला असणारे माझे चुलतभाऊ, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, त्यांनी तेव्हाच फोनवर सांगितले होते की हा निव्वळ फुकटचा खर्च आहे, मेन स्विच पाडला की झाले.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले. दोन दिवसांवर वटपौर्णिमा होती, आणि ज्या वडाला गावातल्या बायका दोरा गुंडाळतात तोच रस्त्यावर आडवा पडला होता. विजेचे खांब नुसते वाकले नव्हते, मुळापासून उखडले गेले होते. मोबाइलचे टॉवर बंद पडले. टाळेबंदीमुळे चाकरमानी आधीच गावी आले होते, त्यामुळे घरे माणसांनी भरलेली आणि छपरे उडालेली अशी स्थिती होती. आमच्या वाडीत वीज यायला आषाढ उजाडला.

पहिल्या दिवसापासून मी जनरेटरवर विहिरीचा पंप चालवून दोन्ही घरांच्या टाक्या भरत होतो, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. दुसऱ्या संध्याकाळी दादा एक वायर घेऊन आले. जुन्या इस्त्रीची कापडी वेष्टण असलेली ती वायर होती, एका टोकाला मुळातला टॉप होता आणि दुसऱ्या टोकाला त्यांनी नवा बसवला होता, त्याच्या स्क्रूपाशी तांब्याची एक तार बाहेर डोकावत होती. त्यांचे म्हणणे असे की, माझ्या बाजूच्या सॉकेटमधून वीज घेऊन ती त्यांच्या ओटीवरच्या सॉकेटमध्ये घातली की त्यांच्या घरातले सगळे दिवे लागतील. मी नाही म्हटले आणि सगळ्यांच्या देखत म्हटले. त्याऐवजी खिडकीतून एक जाड एक्स्टेन्शन दिले, त्यावर दोन दिवे, काकांच्या खाटेजवळचा पंखा आणि सगळ्यांचे मोबाइल चालत होते, आणि पंप बंद असेल तेव्हा त्यांचा फ्रिजही. काकू एवढेच म्हणाल्या, "पाणी देतोस आणि दिवा देत नाहीस." ते वाक्य आजही प्रत्येक लग्नकार्यात निघते.

आता दादांच्या म्हणण्यात तथ्य किती, ते पाहू. मेन स्विच खरोखर पाडलेला असेल आणि तो फेज (वीज आणणारी तार) व न्यूट्रल (परतीची तार) दोन्ही तोडत असेल, तर वीज घराबाहेर जाणार नाही, हे मान्य आहे. पण आमच्याकडच्या जुन्या घरांत मेन म्हणून पुष्कळदा एक किटकॅट फ्यूज, म्हणजे हाताने ओढून काढायचा चिनी मातीचा फ्यूज, असतो, तो काढला की फक्त फेज तुटते आणि न्यूट्रल खांबापर्यंत सलग राहते. दोन पिनांचा टॉप उलटा बसला की जनरेटरची फेज नेमकी त्या न्यूट्रलवर जाते, आणि वादळात खांबाकडची न्यूट्रल तुटून लोंबकळत असेल तर तिला हात लावणाऱ्या माणसाला ती तार जिवंत आहे असे स्वप्नातही वाटणार नाही. शिवाय अशा वायरीचे एक टोक चुकून निसटले तर उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात, आणि घरात मुले असतात. ही सारी व्यवस्था अंधारात, घाईत, कोणीतरी मेन पाडल्याचे आठवणीत ठेवील यावर उभी असते. ज्या घरात रात्री गॅसचा नॉब बंद केला की नाही यावरून रोज चर्चा होते, तिथे असल्या आठवणीवर मी कोणाचा जीव टांगणार नाही.

मेन पाडायचा राहिला तर काय होते, तेही सांगतो. गावातला ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे ४३३ व्होल्ट करतो, आणि तो उलट्या दिशेनेही तितक्याच निष्ठेने काम करतो. आपल्या घरातले २३० व्होल्ट त्याच्यापर्यंत पोहोचले तर वरच्या बाजूच्या तारांवर दहा हजारांच्या आसपास व्होल्ट उभे राहतात. दादांचा यावरचा प्रतिवाद असा होता की, एवढ्याशा जनरेटरवर साऱ्या वाडीचा भार पडला की तो क्षणात बंद पडेल, म्हणजे धोका आपोआप टळतो. एरवी हे बहुतेक खरे ठरते. पण वादळानंतर पुढच्याच खांबावर तार तुटलेली असते, भार काहीच नसतो, जनरेटर मजेत चालत राहतो आणि तुटलेल्या टोकापाशी काम करणारा वायरमन सापडतो. त्याला तर दहा हजारही लागत नाहीत, २३० पुरेसे असतात.

आमच्याकडे दुरुस्तीला बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली मुले होती. त्यांना ना गाव माहीत, ना कोणाच्या घरी काय आहे ते. त्यांतला जो मुकादम होता, तो काम सुरू करण्यापूर्वी इंजिनाचा आवाज जिथून येत होता त्या प्रत्येक घरी जाऊन चेंजओव्हर आहे का, हे विचारत होता. आमच्याकडे आल्यावर त्याने स्विचचे झाकण उघडून पाहिले, दांडा स्वतः खालीवर करून पाहिला आणि "तुमचा चालू राहू दे" म्हणून निघून गेला. पलीकडच्या आळीतला एक जनरेटर मात्र त्याने काम होईपर्यंत बंद करायला लावला. खांबावर चढलेल्या मुलाने आधी तार तपासली, मग साखळी टाकून सगळ्या तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडल्या आणि नंतरच हात घातला. दादा शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "बघ, ते काळजी घेतातच की." घेतात, कारण कोणाच्या घरात दोन टॉपांची वायर असेल हे त्यांना ठाऊक नसते. दिवसभर पावसात भिजून शेवटच्या घराची सर्व्हिस वायर जोडताना प्रत्येक वेळी साखळी टाकली जाईलच, याची हमी दादा देणार आहेत का, हे मी तेव्हा विचारले होते. उत्तर अजून आलेले नाही.

तेव्हा चेंजओव्हर घ्यावा, तो डबल पोलच घ्यावा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम बदलतील, आणि मधली बंद अवस्था असलेला घ्यावा. जनरेटरच्या किमतीपुढे त्याचा खर्च किरकोळ असतो. मग घरातल्या कोणालाही काही लक्षात ठेवावे लागत नाही, दांडा एका वेळी एकाच बाजूला असू शकतो.

आता २ केव्हीएचे. दिवे, पंखे, टीव्ही, मोबाइल आणि फ्रिज एवढे त्यावर आरामात चालेल. अडते ते पंपावर. १ एचपीचा सिंगल फेज पंप चालताना सुमारे ११०० वॉट घेतो, पण सुरू होताना काही क्षण त्याच्या चार ते सहा पट करंट ओढतो, आणि २ केव्हीएचा जनरेटर २३० व्होल्टला साधारण पावणेनऊ अँपियरच देऊ शकतो. पंप घुरघुरतो, जनरेटरचा आवाज बसतो, आणि दोन-चार वेळा असे केले की पंपाचे वाइंडिंग जळते. आपल्या प्रश्नात पंपाचा उल्लेख नाही, पण कोकणात दोन दिवस वीज गेली तर दिव्यापेक्षा पाण्याचे हाल जास्त होतात, म्हणून पंप असेल तर ३ केव्हीएच्या खाली जाऊ नये आणि पंप सुरू करताना बाकीचे सारे बंद ठेवावे. दुकानदार पाटीवरचा मोठा आकडा दाखवील, तो काही मिनिटांपुरता असतो. सलग चालण्याचा आकडा वेगळा विचारून घ्यावा.

जनरेटर पडवीत ठेवायचा नाही. आमच्याकडे पावसाच्या भीतीने लोक तो पडवीत किंवा मांगरात ठेवतात आणि दार लोटून घेतात. पेट्रोलच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. डोके जड होते, मळमळते, माणसाला वाटते की जागरण झाले आहे, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. खिडकी उघडी ठेवली म्हणजे झाले, हा समज चुकीचा आहे. घरापासून किमान वीस फूट दूर, धुराचे तोंड घराच्या विरुद्ध बाजूला करून तो ठेवावा. पावसाळी वारा आमच्याकडे नैऋत्येकडून येतो, म्हणून मी घराच्या ईशान्येला, गोठ्याच्या पलीकडे सिमेंटचा ओटा बांधून वर पत्र्याचे छप्पर घातले आहे, चारी बाजू मोकळ्या ठेवून. आईवडील म्हातारे असतील तर तिथपर्यंत निसरड्यातून जाणे आणि दोरी ओढणे त्यांना जमेल का, याचाही विचार करावा. बटणस्टार्टचा सेट महाग पडला तरी घ्यावा.

पेट्रोलविषयी थोडेसे. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल घरात एकूण ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येते, पण ते धातूच्या घट्ट झाकणाच्या डब्यात असावे, पाण्याच्या बाटल्यांत नव्हे. वादळानंतर पेट्रोल पंपावर भलीमोठी रांग होती, आणि तिथेही वीज नव्हती, म्हणून दहा-पंधरा लिटर मेच्या अखेरीस आणून ठेवावे. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते ओल धरते; सबब साठवलेले पेट्रोल दोन-तीन महिन्यांत गाडीत वापरून टाकावे आणि जनरेटर ठेवून देताना पेट्रोलचा कॉक बंद करून तो आपोआप थांबेपर्यंत चालवावा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा राहतो. महिन्यातून एकदा भार देऊन चालवून पाहावा. पुष्कळ घरांतले जनरेटर नेमके वादळाच्या दिवशी सुरू होत नाहीत, ते एवढे केलेले नसते म्हणून.

खर्चही सांगतो. लहान जनरेटर एका लिटरात दीड युनिट देतो, म्हणजे आजच्या भावाने एक युनिट सत्तर रुपयांच्या आसपास पडते. म्हणून तो दिवसभर चालवायचा नसतो. आमच्याकडे इन्व्हर्टरही आहे. सकाळ-संध्याकाळ जनरेटर लावून पाणी चढवायचे, फ्रिज गार करायचा आणि त्याच वेळात १५० एएचची बॅटरी जेवढी भरेल तेवढी भरून घ्यायची, मग रात्र इन्व्हर्टरवर काढायची. जनरेटरचा दाब खालीवर होतो, त्यामुळे इन्व्हर्टर यूपीएस मोडवर असेल तर तो ती वीज घेतच नाही. मागचे बटण नॉर्मलवर करावे.

कंपनीबद्दल माझे मत एवढेच की, ज्याचा मेकॅनिक खेड किंवा चिपळूणहून स्कूटरवर येऊ शकतो तो घ्यावा. कॉम्प्युटर किंवा ऑक्सिजनचे यंत्र चालवायचे असेल तर इन्व्हर्टर प्रकारचा जनरेटर घ्यावा, त्याची वीज स्वच्छ असते आणि आवाजही कमी असतो. आणि तुमच्याकडे वीज चार-पाच तासच जात असेल, तर जनरेटर घेऊच नका, बॅटरीवरचा साधा इन्व्हर्टर पुरेल. हे खरे तर मी आधी सांगायला हवे होते, परंतु आपण दोन-दोन दिवस म्हणालात म्हणून इतके लिहिले.

मी बागायतदार आहे, वीजतंत्री नव्हे. त्यामुळे जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. घरात आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, असेल तर जनरेटरवर असताना तो काम करतो का हे त्याच्याकडून तपासून घ्यावे, कारण पुष्कळ लहान सेटची न्यूट्रल अर्थिंगला जोडलेली नसते आणि तशात तो ट्रिप होत नाही. पैसे देण्यापूर्वी एक गोष्ट त्याला समोर करून दाखवायला सांगावी: वीज गेलेली असताना जनरेटर चालू करून चेंजओव्हरच्या मीटरकडच्या दोन्ही टर्मिनलना टेस्ट लॅम्प लावायचा. दिवा किंचितही पेटला तर जोडणी चुकली आहे. आणि तो "एवढ्याने काही होत नाही" असे म्हणाला, तर दुसरा वायरमन बोलवावा.