वाचते खरं, लक्षातच ऱ्हात नाही

दिवाळी सरली की दहावीची मुलं माझ्याकडे समुपदेशनाला येऊ लागतात. कुणी बेळगावातलं, कुणी खानापूरकडचं, कुणी निपाणीहून आलेलं. तक्रार मात्र एकच: "वाचते खरं मॅडम, लक्षातच ऱ्हात नाही." दर वर्षी हे इतक्यांदा ऐकते की यंदा त्यावर लिहायचंच ठरवलं. त्यासाठी एका मुलीची गोष्ट सांगते. तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतली मुलगी. सोबत वडील होते. "रात्री बारापर्यंत पुस्तक सोडत नाही बघा. तरी सहामाहीला मार्क पडले नाहीत. प्रिपरेटरी, म्हणजे बोर्डाआधीची सराव परीक्षा, जवळ आली, काय करूया?" मुलगी मान खाली घालून बसली होती. वडील बाहेर गेल्यावर म्हणाली, "माझं डोकंच असलं. काय ऱ्हातच नाही त्यात."

मी अभ्यासाचं काहीच विचारलं नाही. विचारलं, "गावातून खानापूरला जायला बस कधी कधी असते?"

तिने पहाटेच्या पहिल्या गाडीपासून रात्रीच्या मुक्कामाच्या गाडीपर्यंत सगळ्या वेळा सांगितल्या.

"पाठ केल्या होत्यास?"

"पाठ कशाला? रोज कोण ना कोण विचारतंय."

"मग डोकं ठीक आहे तुझं. पुस्तकातलं तुला रोज कोण विचारतं?"

ती गप्प झाली. माझ्या कामाचा पाया मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारावर आहे: माणूस प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाचा जो अर्थ लावतो, त्याने जास्त खचतो. 'सहामाहीला कमी पडले' हा प्रसंग. 'माझं डोकंच असलं' हा तिने लावलेला अर्थ. तो नुसत्या धीराच्या शब्दांनी निघत नाही, त्याच्याविरुद्ध पुरावा मुलाच्या स्वतःच्या हातात यावा लागतो.

पुढच्या भेटीला समाजविज्ञानाचं पुस्तक आणायला सांगितलं. कित्तूरच्या इंग्रजांविरुद्धच्या लढ्याचा भाग तिने तीन रंगांनी अधोरेखित केला होता. "हे कितीदा वाचलंस?" "लई वेळा." मी पुस्तक मिटलं, कोरा कागद पुढे केला. "आठवेल ते लिही. चुकलं तरी चालेल."

तिने राणी चेन्नम्मा लिहिलं, १८२४ लिहिलं, इंग्रज अधिकारी थॅकरे मारला गेला हे लिहिलं आणि पेन थांबलं. डोळे भरून आले. "बघितलंसा? परीक्षेत असंच होतंय." मी घाई केली नाही. अशा वेळी मोठ्यांनी उत्तर पुरवलं की सगळं वाया जातं. बऱ्याच वेळाने तिने चेन्नम्माचा साथीदार संगोळ्ळी रायण्णा लिहिलं, पुढे नंदगडला फाशी, १८३१. नंदगड तिच्याच तालुक्यातलं, ते सहज आलं. मग चेन्नम्माच्या दत्तकपुत्राची गोष्ट अर्धी आठवली.

"आता पुस्तक उघड. काय राहिलं ते दुसऱ्या पेनाने लिही."

राहिलं होतं एवढंच: इंग्रजांनी दत्तक का नाकारला आणि चेन्नम्माला कैदेत कुठे ठेवलं. तिने 'बैलहोंगल' लिहिलं आणि कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, म्हणजे मला काहीच येत नाही असं नाही. ही दोनच येत नव्हती."

या वाक्यासाठी मी थांबले होते. सगळं डोकं निकामी ठरवणारी मुलगी आता दोन मुद्द्यांबद्दल बोलत होती. दोन मुद्द्यांचं काहीतरी करता येतं. नंतरच्या भेटीत मी न विचारता तिने दोन्ही मुद्दे सांगितले.

इतक्या मुलांबरोबर काम केल्यावर माझं ठाम मत झालं आहे. आपली मुलं विसरतात म्हणून घाबरत नाहीत. आपण काय विसरलो हे त्यांना पहिल्यांदा परीक्षेच्या हॉलमध्ये कळतं, म्हणून घाबरतात. पुस्तक समोर असताना सगळं ओळखीचं वाटतं. पण बाजारात चेहरा ओळखीचा वाटणं वेगळं आणि त्या माणसाचं नाव सांगता येणं वेगळं. पेपरात नाव सांगावं लागतं.

हे संशोधनातही दिसलं आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. रात्री वाचून 'झालं' वाटतं आणि पेपरात घात होतो, तो या पाच मिनिटांच्या भरवशामुळे.

म्हणून उजळणी पुस्तक मिटून सुरू करायची. आधी आठवून लिहा, मग उघडून तपासा. तोच धडा दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. मधल्या काळात थोडं विसरू द्या, आठवायला थोडे कष्ट पडले की ते जास्त टिकतं. गणितात सोडवलेलं उदाहरण वाचणं ही उजळणी नव्हे, वही झाकून तेच सोडवा. कन्नडला आपली मुलं जास्त घाबरतात. तिथे शब्दार्थ एका बाजूने झाकून लिहा, कविता न बघता लिहा आणि शेजारच्या कन्नड मैत्रिणीला धड्याचा सारांश बोलून दाखवा. जानेवारीनंतर बोर्डाच्या नमुना प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. आणि झोप मोडू नका. बारापर्यंत जागणं मी या मुलीचं सगळ्यात आधी बंद केलं.

पालकांनी "झालं का वाचून?" हे विचारणं सोडावं. "आज काय आठवलं, सांग बघू" असं विचारावं. या मुलीची आई फारशी शिकलेली नाही. ती भाकऱ्या थापताना मुलगी तिला धडा सांगायची आणि आई मध्येच विचारायची, "असं का केलं गं त्यांनी?" तो 'का' सांगता आला नाही की मुलगी उठून पुस्तक बघायची. त्यासाठी आईला धडा यावा लागत नाही.

ज्यांच्या हातात आता थोडेच आठवडे आहेत, त्यांनी सगळं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नये. प्रत्येक धड्याला एक कोरा कागद घ्या, दहा मिनिटं आठवून लिहा आणि जे आलं नाही तेवढंच वाचा. तो कागद फेकू नका, चार दिवसांनी त्याच धड्याचा नवा कागद लिहून शेजारी ठेवा.