कादंबरीवर आधारित, बेतलेला की रूपांतर? आणि गोव्यात 'हेर' लिहिताना

फोंड्याहून आलेला प्रश्न असा: ग्रंथालयातर्फे गुन्हेगारी आणि हेरगिरीवरच्या गाजलेल्या कादंबऱ्यांवरून निघालेले चित्रपट दाखवायचे आहेत. माहितीपत्रकात 'कादंबरीवर आधारित', 'कादंबरीवर बेतलेला', 'रूपांतर', 'प्रेरित' हे शब्द वाटेल तसे आले आहेत. यांत फरक आहे का? शिवाय 'हेर' लिहावं की 'गुप्तहेर'?

फरक आहे, आणि तो पाळण्यासारखा आहे. शब्द निवडण्याआधी एकच गोष्ट तपासायची: चित्रपटाने पुस्तकातून नेमकं काय उचललं? कथानक, पात्रं, नुसती कल्पना, की फक्त नाव?

'वर आधारित' हा सगळ्यांत सुरक्षित शब्द, कारण तो किती घेतलं हे सांगत नाही. पुस्तकाचा आधार आहे एवढंच सांगतो. पण त्यामुळेच तो फसवतो. गोव्याच्या प्रेक्षकाला जवळचं उदाहरण 'द बॉर्न सुप्रीमसी'चं. 2004 सालच्या या चित्रपटाची सुरुवात गोव्यात होते. नायक बॉर्न आणि त्याची प्रेयसी मारी इथे लपून राहत असतात, मारेकरी त्यांना गाठतो, पाठलागात मारीला गोळी लागते आणि गाडी पुलावरून नदीत कोसळते. श्रेयनामावलीत तो रॉबर्ट लडलम यांच्या कादंबरीवर आधारित म्हणूनच नोंदलेला आहे. प्रत्यक्षात 1986 च्या त्या कादंबरीत गोवा नाहीच. तिथे मारीचं अपहरण होतं आणि बॉर्नचं नाव लावून खून पाडणाऱ्या तोतयाच्या मागावर नायकाला हाँगकाँग आणि चीनमध्ये जावं लागतं. नाव आणि मुख्य पात्रं घेतली, कथा नवी रचली. 'आधारित' म्हणणं कायद्याने बरोबर, पण पत्रकात एवढंच लिहिलं तर चित्रपट पाहून ग्रंथालयात पुस्तक मागायला आलेला वाचक गोवा शोधत बसेल. अशा ठिकाणी 'लडलम यांच्या कादंबरीवर आधारित; कथानक स्वतंत्र' एवढे दोन शब्द वाढवावेत.

याहून टोकाचं उदाहरण 'द स्पाय हू लव्ह्ड मी'चं. इयन फ्लेमिंग यांनी 1962 च्या या कादंबरीचं फक्त शीर्षक वापरायची परवानगी दिली होती. कादंबरी एका तरुणीच्या तोंडून सांगितलेली आहे आणि बाँड तिच्यात बऱ्याच उशिरा येतो. 1977 च्या चित्रपटात त्यातलं काही नाही. इथे 'कादंबरीवर आधारित' लिहूच नये. 'फ्लेमिंग यांच्या जेम्स बाँड या पात्रावर आधारित' हे खरं.

दुसरी चूक 'कादंबरी' या शब्दाचीच होते. गोव्यात चित्रित झालेला 'द सी वुल्व्हज' (1980) हा हेरपटांच्या यादीत हमखास येतो आणि त्याच्यापुढे सवयीने 'कादंबरीवर आधारित' छापलं जातं. त्याचा आधार आहे जेम्स लीझर यांचं 'बोर्डिंग पार्टी' हे 1978 चं पुस्तक, आणि ते घडलेल्या प्रसंगाचं कथन आहे: मार्च 1943 मध्ये तटस्थ पोर्तुगीज गोव्याच्या मुरगाव बंदरात उभ्या असलेल्या 'एरेनफेल्स' या जर्मन जहाजावर कलकत्ता लाइट हॉर्स या घोडदळाच्या स्वयंसेवकांनी घातलेला छापा. तिथे 'सत्यघटनेवरील पुस्तकावर आधारित' असंच हवं.

आता 'बेतलेला'. शिंपी माप घेऊन कापड बेततो, तो हा शब्द. म्हणून मूळ कृतीचा बांधा घेऊन, तो नव्या अंगाला बसेल असा कापलेला असेल तेव्हाच तो शोभतो. 'राझी' (2018) हरिंदर सिक्का यांच्या 'कॉलिंग सेहमत' या कादंबरीवर बेतलेला आहे असं निःशंक लिहावं, कारण 1971 च्या युद्धाआधी पाकिस्तानी लष्करी घराण्यात लग्न करून गेलेल्या सेहमतची कथा हाच त्याचाही कणा आहे. वर सांगितलेल्या बॉर्नच्या चित्रपटाला मात्र हा शब्द लावू नये. तिथे कापडच वेगळं आहे.

'रूपांतर' या शब्दाला मराठीत नाटकाचा इतिहास चिकटलेला आहे, आणि गोव्यात, जिथे देवळाच्या उत्सवात आजही मराठी नाटक उभं राहतं, तो विसरून चालणार नाही. देवलांचं 'झुंझारराव' हे 'ऑथेल्लो'चं रूपांतर, पु. लं.चं 'ती फुलराणी' हे 'पिग्मॅलियन'चं. दोन्हीकडे पात्रांची नावं, स्थळ, बोली, चालीरीती बदलून कथा आपल्या मातीत आणली आहे. मराठी वाचकाच्या कानाला रूपांतर म्हणजे हे. इंग्रजी कादंबरीवरून इंग्रजीतच चित्रपट निघाला, तर तिथे बदललं ते माध्यम. त्याला 'माध्यमांतर' हा शब्द समीक्षेत रुळलेला आहे. लेखात तो वापरावा. पत्रकात जड वाटला तर 'चित्रपट-रूपांतर' असा जोडशब्द चालेल. नुसतं 'रूपांतर' नको.

'प्रेरित' सर्वांत कमी वापरावा. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार (1957) साहित्यकृतीवरून चित्रपट काढण्याचा हक्क मूळ हक्कधारकाचा आहे. कल्पनेवर मात्र हक्क सांगता येत नाही, तिच्या मांडणीवर येतो. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात (1978) हेच सांगितलं. त्यामुळे हक्क घेतलेले असतात तिथे 'आधारित' येतो आणि नुसती कल्पना घेतली असेल तिथे 'प्रेरित'. हक्क रीतसर घेऊन काढलेल्या चित्रपटाला 'प्रेरित' म्हटलं की लेखकाचं श्रेय उगाच कमी होतं. व्याकरणही बघा: 'कादंबरीपासून प्रेरित' ही हिंदीची सावली आहे. 'कादंबरीवरून सुचलेला' हे साधं मराठी हाताशी आहे. आणि टंकताना 'कादंबरी वर' असं तोडू नये; प्रत्यय जोडूनच. परकीय नावाला प्रत्यय जोडणं अवघड वाटलं तर 'द डे ऑफ द जॅकल या कादंबरीवर' असं लिहावं.

'हेर' आणि 'गुप्तहेर' यांच्याबाबत एरवी माझा कौल 'हेर'ला असता. हेरणं म्हणजे लक्ष ठेवून टिपणं. त्यात गुप्तपणा आलाच. पण गोव्यात अडचण वेगळी आहे. कोंकणीत 'हेर' म्हणजे 'इतर'. 'अध्यक्ष आनी हेर वांगडी' असं वाक्य इथला वाचक रोज वाचतो. दोन्ही भाषा एकाच लिपीत वाचणाऱ्यापुढे 'हेर चित्रपट' असा मथळा आला तर तो 'इतर चित्रपट' असा वाचला जाणं अगदी स्वाभाविक आहे. म्हणून गोव्यात मथळ्यात आणि पहिल्या उल्लेखात 'गुप्तहेर' लिहावं, मजकुरात पुढे 'हेर', 'हेरगिरी' खुशाल यावेत. 'हेरगिरी'ला हा धोका नाही.

'गुप्तहेर'चा तोटा असा की मराठीत शेरलॉक होम्सही गुप्तहेर आणि जेम्स बाँडही गुप्तहेर. पहिला गुन्ह्याचा छडा लावतो, दुसरा परक्या देशाची गुपितं काढतो. होम्सच्या जातीच्या माणसाला 'खासगी गुप्तहेर' किंवा सरळ 'डिटेक्टिव्ह' म्हणावं. 'जासूस' हिंदीतला, आपल्याकडचा 'जासूद' पेशवाईच्या कागदांत बहुतेक वेळा पत्रं पोचवणारा असतो, तेव्हा तो इथे नको. आणखी एक: ब्रिटिश हेरकथालेखक जॉन ल कारेंच्या कथांत हेरखात्याचा पगारी अधिकारी वेगळा आणि त्याने फितवून कामाला लावलेला माणूस वेगळा. त्या दुसऱ्यालाच इंग्रजीत एजंट म्हणतात. मराठीत एजंट म्हटलं की विम्याचा किंवा जमिनीचा आठवतो. 'अधिकारी' आणि 'हेर' अशी विभागणी केली की सारांश स्वच्छ होतो. आपल्याच खात्यात शत्रूने पेरलेल्या माणसाला 'घरभेदी' म्हणावं. 'फितूर' शक्यतो टाळावा, कारण गुन्ह्याच्या बातम्यांत तो शब्द आता साक्ष फिरवणाऱ्या साक्षीदाराला बांधला गेला आहे.

प्रकारांची नावं चटकन. कोणी केलं हे शेवटपर्यंत दडवलेलं असेल तर रहस्यपट. काय होणार हे ठाऊक असूनही श्वास अडकतो तो थरारपट. 'द डे ऑफ द जॅकल' (कादंबरी 1971, चित्रपट 1973) थरारपट आहे, रहस्यपट नव्हे: फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांचा खून झाला नाही हे प्रेक्षकाला आधीच माहीत असतं, तरी मारेकऱ्याची तयारी आणि पोलिसांचा तपास यांची शर्यत त्याला धरून ठेवते. 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' (कादंबरी 1974, चित्रपट 2011) हेरपट असून रहस्यपटही आहे, कारण घरभेदी कोण हाच प्रश्न. त्यातल्या 'सर्कस'पुढे 'ब्रिटिश हेरखात्याचं टोपणनाव' एवढं जरूर छापा, नाहीतर वाघ-सिंह डोळ्यांपुढे येतात.

'बेस्टसेलर'ला वर्तमानपत्रांत 'खूपविकी' दिसतो, तो चांगला आहे. 'खपाऊ' नको, त्यात कमअस्सलपणाचा वास आहे; 'जॅकल'चे लेखक फोर्साइथ किंवा ल कारे यांच्या पुस्तकांना तो अन्यायाचा ठरेल. ते पटत नसेल तर 'प्रचंड खपलेली कादंबरी' लिहा.